आपण बांगलादेशाचा कांदा दर वेळी रात्रीतून बंद करतो, हे बरोबर आहे का?

चांदवडकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सवड असेल तरच वाचा.

मी सध्या जर्मनीत शिकतोय. रूम पार्टनर खुलन्याचा आहे, बांगलादेशी, एकदम भला पोरगा, आमचा स्वयंपाक एकत्रच असतो. मागच्या आठवड्यात तो बोलता बोलता म्हणाला, तुमच्या सरकारच्या मनात आलं की तुम्ही आमचा कांदा बंद करता आणि आम्हाला ते टीव्हीवरून कळतं. मी पण तापलो, म्हटलं अरे बाबा तो कांदा माझ्या बापाच्या शेतातलाच असतो, बंदी आली की आधी आमचं दिवाळं निघतं आणि मग तुझ्या आईची भाजी महागते. भांडण झालं नाही पण विषय डोक्यातून जात नाहीये.

तारखा बघा. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी. चारच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या, उद्योगवाल्यांच्या कार्यक्रमात त्या हिंदीतून हसत हसत बोलल्या की मी आचाऱ्याला सांगितलंय जेवणात कांदा घालू नको, आणि पुढच्या वेळी असं काही करायचं असेल तर निदान आधी कळवत जा. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी १४ सप्टेंबर २०२० ला परत बंदी, परत न कळवता. मग ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (म्हणजे त्याखाली बाहेर विकायचाच नाही) आणि ८ डिसेंबरला सरळ बंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, ऐन लोकसभेच्या धामधुमीत, तीसुद्धा ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं ते थेट १ एप्रिल २०२५ ला.

देशाने आधी आपल्या माणसाचं बघावं हे मला मान्य आहे, त्यावर वाद घालायला मी आलेलो नाही. माझा प्रश्न असा की ज्याला आपण वर्षानुवर्षं माल विकतो, जो आपल्या भरवशावर राहतो, त्याचं आपण काही देणं लागतो की नाही? का पैसे घेतले, माल दिला, विषय संपला? आणि देणं लागत असू तर नेमकं काय, हे कुणी सांगेल का? राष्ट्रभक्तीचे डोस नकोत, ते घरच्या ग्रुपवर रोज मिळतात.

पेठेतला_ग्राहक

डोस देत नाही पण उत्तर तेच आहे. भारत सरकार भारतातल्या लोकांनी निवडून दिलेलं आहे, खुलन्यातल्या लोकांनी नाही. इथं कांदा ८० रुपये झाला की टीव्हीवर जे रडगाणं सुरू होतं ते तुम्ही बघितलेलं दिसत नाही. १९९८ ला दिल्लीत भाजपचं सरकार कांद्याने घालवलं, तेव्हापासून कुठल्याही पक्षाचा मंत्री कांदा म्हटलं की दचकतो.

आणि हे फक्त मध्यमवर्गाचं कौतुक आहे असं समजू नका. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी भाकरीबरोबर कांदा हीच भाजी असते कित्येकदा. भाव चढला की त्या दोन किलोऐवजी पाव किलो घेतात. त्यांना काय सांगू, की बांगलादेशाशी आपले संबंध बिघडतील म्हणून तुम्ही जरा कळ काढा?

शिवाय आपण काही कमी केलेलं नाही त्यांच्यासाठी. २०११ पासून दारू आणि तंबाखू अशा थोड्या वस्तू सोडल्या तर त्यांचा सगळा माल आपल्याकडे ड्युटी फ्री येत होता. एवढं कोण करतं? वर्षातून दोन महिने कांदा नाही मिळाला तर लगेच आपण वाईट.

शिपिंगवाला

पेठेतले दादा, वर्षातून दोन महिने नाही, डिसेंबर २०२३ वाली बंदी पाच महिने चालली. असो.

मी नाशकात एका कांदा निर्यातदाराकडे कागदपत्रांचं काम बघायचो, आता न्हावाशेव्याला असतो. हा विषय सगळे भावाच्या अंगाने बोलतात, सौदा कसा होतो ते कुणी बघत नाही म्हणून लिहितोय, थोडं मोठं होईल.

तिकडचा आयातदार आधी त्याच्या सरकारकडून आयातीचा परवाना काढतो, त्याला मुदत असते. मग बँकेत एलसी उघडतो, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, माल पोचल्याचे कागद दाखवले की पैसे देऊ अशी बँकेची हमी, म्हणजे त्याचा पैसा तिथे अडकला. इकडे आमचा माणूस सकाळी नऊला लासलगाव नाहीतर पिंपळगावच्या लिलावात उभा, ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर बोली लावत जायचं, माल खळ्यावर येतो, तिथे बायका बसून निवडतात, मोठा माल वेगळा, गोल्टी वेगळी, दबका-सडका बाजूला, जाळीच्या गोण्या भरायच्या, शिवायच्या आणि ट्रक निघाला बंगालला. घोजाडांगा, पेट्रापोल, महदीपूर, हिली, बॉर्डरवरच्या ज्या नाक्याचं ठरलं असेल तिथे. नाशिकपासून चार-पाच दिवस लागतात. म्हणजे कुठल्याही क्षणी आमचा निम्मा पैसा रस्त्यावर असतो.

आता २०२० चं ऐका. १४ सप्टेंबरला नोटिफिकेशन आलं तेव्हा आमच्या काही गाड्या बॉर्डरच्या पार्किंगमध्ये नंबर लावून उभ्या, काही झारखंड-ओडिशात. ड्रायव्हरचे फोनवर फोन, शेठ खाली करू का माघारी आणू. पावसाळा होता. ताडपत्री काढावी तर माल भिजतो, बांधून ठेवावी तर आतल्या आत तापतो. चार दिवसांनी गोण्यांतून पाणी गळायला लागलं, कांद्याला कोंब आले, बाजूचा गाडीवाला वासाने भांडायला लागला. काही गाड्या नंतर सोडल्या, तोवर त्यातला निम्मा माल फेकण्याच्या लायकीचा झाला होता. बाकीचा तिथल्याच बाजारात येईल त्या भावाला मारला. तिकडच्या पार्टीचा परवाना वाया, एलसीचं व्याज वाया, आणि त्याने पुढे ज्या दुकानदारांना माल कबूल केला होता ते त्याच्या दारात. त्याने मला फोन केला, शिव्या दिल्या नाहीत, नुसतं विचारलं की तुमच्या दिल्लीत सोमवारी ठरलं ते शुक्रवारी माहीत नव्हतं का? मी काय सांगणार कपाळ.

आपल्या बाजार समितीत एखाद्या व्यापाऱ्याने बोली लावली आणि नंतर माल उचलायला नाही म्हटला तर सचिव त्याला बोलावून घेतो, लायसन अडकतं, बाजारात नाव खराब होतं. दोन देशांच्या मध्ये असा सचिवच नाही, एवढाच फरक आहे. म्हणून चांदवडकर, तुमच्या "नेमकं काय देणं लागतो" ला माझं उत्तर असं: कांदा द्यायचं देणं नाही लागत. पण ज्याचा पैसा आपल्या शब्दावर अडकलाय त्याचा माल तरी सोडायला पाहिजे. बंदी उद्यापासूनच्या सौद्याला घाला, कालच्या सौद्याला कशाला? २०२३ ला कस्टमच्या ताब्यात गेलेल्या मालाला सूट दिली होती, पण एलसी उघडलाय आणि माल अजून खळ्यावर आहे त्याचं काय? त्याला कुणी विचारलं नाही.

अजून एक, हे शहरातल्या लोकांना माहीत नसतं. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे शेतावरच्या हवेशीर साठवणीत, चार-सहा महिने ठेवता येतो, भाव पडला तर शेतकरी थांबू शकतो, सड-घट सोसून. डिसेंबरचा लाल कांदा थांबत नाही. काढला की विकायलाच लागतो. ती बंदी बरोबर लाल कांद्याच्या तोंडावर आली, चार हजाराच्या आसपास असलेला क्विंटल काही दिवसांत निम्म्यावर. त्यात खुलन्याचा ग्राहक आणि चांदवडचा शेतकरी दोघंही एकाच नोटिफिकेशनने मेले.

कायद्याचं_बोला

थोडं नियमांचं. मी वकील आहे पण यातला तज्ज्ञ वगैरे नाही, वाचन आहे.

डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) मूळ गॅट या व्यापार करारात ११ वं कलम आहे, त्यात आयात-निर्यातीवर सरळ बंदी घालायला मनाई आहे, पण लगेच पुढे अपवाद आहे की स्वतःकडे अन्नपदार्थांची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती बंदी चालेल. आता गंभीर म्हणजे किती आणि तात्पुरती म्हणजे कधीपर्यंत, हे तिथे लिहिलेलं नाही, त्यामुळे सगळे देश त्याच फटीतून बाहेर पडतात. निर्यात शुल्काला तर तेवढीही अडचण नाही. म्हणजे ४० टक्के लावा की ४०० लावा, कायद्याने ओके.

पण डब्ल्यूटीओच्याच शेतीच्या करारात १२ वं कलम आहे ते कुणी काढत नाही. त्यात म्हटलंय की अशी बंदी घालणाऱ्याने आयात करणाऱ्या देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करायचा, होईल तितक्या आधी लेखी कळवायचं आणि समोरच्याने मागणी केली तर चर्चेला बसायचं. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण जो देश त्या मालाचा निव्वळ निर्यातदार असेल त्याला सूट नाही. कांद्यात आपण काय आहोत ते सांगायला नको. म्हणजे शेख हसीना दिल्लीत जे मागत होत्या ती मेहेरबानी नव्हती, ते आपण सही करून मान्य केलेलं आहे. फक्त न पाळल्याची शिक्षा कुणी करत नाही, आणि बांगलादेश शेजाऱ्यावर जिनिव्हात, डब्ल्यूटीओकडे, केस टाकणार नाही.

हेही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. आपण अगदीच निर्दय नाही. जुलै २०२३ ला साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा गरजू देशांच्या सरकारने मागितलं तर द्यायची वाट उघडी ठेवली होती. जगाच्या तांदूळ व्यापारात आपला वाटा साधारण ४० टक्के आहे, तिथे ही वाट ठेवली नसती तर अवघड झालं असतं. कांद्यातही एप्रिल २०२४ पर्यंत बांगलादेश, अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टन सोडला, सरकारी सहकारी संस्थेमार्फत. पण यातही गोम आहे. मग माल कुणाला मिळणार हे दोन सरकारांच्या मैत्रीवर ठरतं. ज्याच्याशी पटतं त्याला कांदा, ज्याच्याशी बिनसलं त्याने बघून घ्यावं. मला यातलं हेच जास्त खटकतं, बंदीपेक्षासुद्धा.

वरूडची_ताई

सगळं वाचलं. बांगलादेशाची फारच दया येऊन राहिली इथं लोकायले, म्हणून आमची बाजू सांगते.

आम्ही संत्रावाले. वरूड-मोर्शीचा संत्रा सगळ्यात जास्त कुठं जात होता, तर बांगलादेशातच. आंबिया बहाराचा माल निघाला की व्यापारी बागेतच येऊन सौदा करायचा, ट्रकच्या ट्रक. मग त्यांनी २०१९ मध्ये किलोमागं २० रुपये आयात शुल्क लावलं आणि दरसाली चढवत चढवत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर नेलं. एक किलो संत्र्यावर ८८ रुपये! बागेत आम्हाले वीस-पंचवीस मिळत नव्हते तेव्हा. संत्रा तिकडं मग श्रीमंताच्याच घरी जाईन ना. निर्यात बसली, सगळा माल नागपूर-दिल्लीच्या बाजारात कोसळला, गळलेली फळं आम्ही धुऱ्यावर नेऊन टाकली.

तेव्हा आमच्या शेतकऱ्याचा विचार त्यांनी केला होता का? आधी नोटीस दिली होती का? मंग आपणच काहून नीतीचे धडे घ्यायचे?

आता इकडं काही लोक म्हणतात की कांदा बंद केला म्हणून त्यांनी संत्र्यावर राग काढला. खरं असेल तर अजूनच वाईट, म्हणजे नाशिकच्या कांद्याचा भुर्दंड विदर्भातल्या संत्र्यानं भरला आणि दिल्लीतल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळाला. आमचा यात काय गुन्हा ते कोणी सांगा.

जुनं_खोड

वरूडच्या ताईंचा राग समजतो. पण शुल्क आणि बंदी यात फरक आहे असं मला वाटतं. फळ महागलं तर माणूस खात नाही, एवढंच. रोजच्या अन्नाचं तसं नाही.

आम्ही बहात्तरच्या दुष्काळातली माणसं. अमेरिकेची लाल मिलो (तिकडची ज्वारी) खाल्लेली. भाकरी तव्यावर थापली की तुटायची, आणि थंड झाली की चामड्यासारखी, पण रेशनला तीच यायची, रांगेत उभं राहून आणायचो. त्याच्या आधी, पासष्ट-सहासष्टला बिहारकडे दुष्काळ पडला तेव्हा पीएल ४८० खाली, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदतीच्या कायद्याखाली, गहू यायचा. तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन तो महिन्या महिन्याने, हात आखडून सोडायचे. शेतीधोरण बदला हा एक आग्रह होता आणि आपण व्हिएतनामवरून त्यांना बोललो होतो तो राग दुसरा. जहाज आलं का जहाज आलं असं सरकार मोजत बसायचं. हरितक्रांतीची एवढी घाई आपल्याला का झाली त्यामागे हा अपमान होता, हे आमच्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही.

बांगलादेशाचं तर याहून वाईट झालं. १९७४ ला तिथे महापूर, पाठोपाठ दुष्काळ, माणसं मरतायत आणि अमेरिकेने धान्य रोखून धरलं. कारण काय, तर बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकली होती, आणि क्युबाशी व्यापार करणाऱ्याला ते धान्य द्यायचं नाही असा त्यांचा कायदा. पोती विकणं बंद केल्यावर जहाजं निघाली, तोवर फार उशीर झाला होता. ज्या देशाने हे भोगलंय त्याला "थोडे दिवस कांदा नाही मिळाला तर काय बिघडतं" असं म्हणू नये. कांदा म्हणजे गहू नव्हे, कबूल. पण दुसऱ्याच्या हातात आपलं ताट आहे ही जाणीव तीच असते.

पेठेतला_ग्राहक

आजोबा, आदर आहे, पण पीएल ४८० हा उपकार होता, कांदा हा धंदा आहे. दोन्ही एका मापाने कसे मोजता?

जुनं_खोड

धंदा आहे म्हणूनच तर जास्त पाळायला हवं. उपकार करणारा उद्या नाही म्हणू शकतो, त्याला कोण काय बोलणार. पैसे मोजून घेणाऱ्याला नाही कसं म्हणता?

लातूर_सोयाबीन

नीतीचं राहू द्या, नुसत्या स्वार्थाच्या हिशोबाने बघा. आमच्या धंद्यात एक जुना किस्सा सांगतात आणि तो खरा आहे. जून १९७३ मध्ये अमेरिकेत सोयाबीनचे भाव भडकले म्हणून अध्यक्ष निक्सनने निर्यात रोखली. थोड्याच महिन्यांत उठवली पण जपान हादरला, त्यांचं टोफू, मिसो, सोया सॉस सगळं अमेरिकेच्या सोयाबीनवर. त्यांनी जाऊन ब्राझीलमध्ये पैसा घातला, तिथला सेराडो नावाचा पडीक पट्टा लागवडीखाली आणायला मदत केली. ब्राझीलने स्वतःही पुष्कळ केलं, सगळं श्रेय जपानला नको. पण आज जगात सगळ्यात जास्त सोयाबीन विकतो तो ब्राझील, आणि आमच्या लातूरच्या मिलवाल्याला सकाळी उठून तिथला पाऊस बघावा लागतो.

बांगलादेश तेच करतोय. २०१९ नंतर त्यांनी इजिप्त, तुर्कस्तानचा कांदा विमानाने आणला, पंधरा वर्षांनी पाकिस्तानकडून घेतला, आणि घरची लागवड वाढवली. २०२३ ला तर मार्च ते जून त्यांनीच आयातीचे परवाने थांबवले होते, आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. गंमत बघा, त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे कांदा किलोला दोन-चार रुपयाने जात होता, बार्शीकडच्या एका शेतकऱ्याला पाचशे किलोची पट्टी (खर्च वजा जाऊन हातात येणारा हिशोब) दोन रुपयांची आली म्हणून देशभर बातमी झाली. तेव्हा गिऱ्हाईक पाहिजे होतं, गिऱ्हाईक दाराला कुलूप लावून बसलेलं.

दुबईकर

दुजोरा. बंदीच्या काळात इथल्या दुकानात नाशिकचा कांदा गायब, जागेवर पाकिस्तानी आणि तुर्की. तुर्की कांद्याला ना तिखटपणा ना काही, मिसळीवर घातला की नुसता पाणचट. पण इथल्या हॉटेलवाल्यांना सवय झाली. आपला परत आला तेव्हा शेल्फवर कोपऱ्यात.

चांदवडकर

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

पेठेतले काका, तुमच्या मावशींचं मला पटतं, मनापासून. पण त्यांच्यासाठी कांदा स्वस्त ठेवायचा खर्च कुणी उचलायचा हा माझा मुद्दा आहे. सरकारने बाजारभावाने कांदा विकत घेऊन रेशनवर स्वस्त दिला असता तर तो खर्च तुमच्या-माझ्या करातून गेला असता. २०२३ ला नाफेड-एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी-विक्री करणाऱ्या सहकारी संस्थांनी २५ रुपये किलोने विकला की शहरात, ते बरोबरच होतं, तेवढ्यावर थांबायचं. बंदी घातली की सरकारच्या तिजोरीतून एक रुपया जात नाही, सगळा माझ्या बापाच्या पट्टीतून जातो आणि उरलेला खुलन्यातून. म्हणूनच सरकारला बंदी आवडते, कुठल्याही पक्षाचं असो. आमच्या दिंडोरी मतदारसंघात २०२४ च्या लोकसभेला लोकांनी केंद्रात मंत्री असलेल्या बाईंना घरी बसवलं, त्याची कारणं बरीच असतील पण आमच्या गावात तरी त्या दिवशी सगळे कांद्याचंच बोलत होते. खुलन्यातल्या माणसाला मात्र असं कुणाला घरी बसवता येत नाही. त्याचं मत इथे मोजलं जात नाही म्हणून त्याच्यावर लादणं सोपं, हे मला बरोबर वाटत नाही.

ताई, तुमचं अगदी खरं आहे, आणि त्या पोराला मी हे ८८ रुपयांचं सांगणार आहे. त्याला माहीत नसणार. तुमच्याकडे अनुदान जाहीर झालं होतं ना त्या वेळी? मिळालं का?

वरूडची_ताई

किलोला ४४ रुपयांची घोषणा झाली होती, अर्धं शुल्क. ते निर्यातदारासाठी. माझ्यापर्यंत तर काही पोचलं नाही बावा. आणि तसंही, बांगलादेशाच्या तिजोरीत भरायला आपण आपल्या तिजोरीतून पैसे देणार, हे कोणतं शहाणपण?

त्या पोराले हेही सांगजा की त्याच्या सरकारनं संत्र्यावर कमावलेल्या पैशातून त्याला कांदा स्वस्त दिला असता तर बरं झालं असतं.

पेठेतला_ग्राहक

चांदवडकर, कराच्या पैशातून खरेदी करा हे मला चालेल. खरंच. पण शिपिंगवाले जे म्हणतायत, आधी नोटीस द्या, ते व्यवहारात बसत नाही. समजा सरकारने जाहीर केलं की वीस दिवसांनी बंदी येणार. त्या वीस दिवसांत प्रत्येक व्यापारी मिळेल तेवढा कांदा बॉर्डरकडे पळवणार, इथला भाव अजून भडकणार. ज्याच्यासाठी बंदी घालायची तेच उलटं होणार. सरकार मूर्ख आहे म्हणून रात्रीतून घालत नाही.

शिपिंगवाला

हे बरोबर आहे, म्हणूनच मी नोटीस म्हटलंच नाही. मी म्हटलं झालेले सौदे सोडा. बंदी आजपासून, पण ज्याचा एलसी कालपर्यंत उघडलाय त्याचा माल जाऊ द्या. आणि एकदम शून्य करण्यापेक्षा महिन्याला अमुक हजार टन असा कोटा ठेवा, म्हणजे समोरच्याला कळतं की थोडा का होईना येणार आहे. कळलं की तिकडचा साठेबाजही गप्प बसतो. २०२३ ला बंदीची बातमी पोचल्यावर ढाक्यात कांदा एका रात्रीत दोनशे टाकाच्या वर गेला. गोदामातला कांदा तोच, आदल्या दिवशीचा. तो भाव आपल्या बंदीने नाही, घबराटीने चढला आणि त्यांच्याच व्यापाऱ्यांनी खाल्ला.

पेठेतला_ग्राहक

आणि मागच्या तारखेचे एलसी? मे २०२२ ला गव्हाची बंदी आली तेव्हा एलसीवाल्यांना सूट दिली होती. लोकांनी काय केलं? जुन्या तारखा टाकून खोटे एलसी आणले. तुमचेच भाऊबंद.

शिपिंगवाला

आणले ना. म्हणून डीजीएफटीने, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार खात्याने, सगळे परत तपासायला घेतले, कागद प्रत्यक्ष बघितले, बँकांना विचारलं. दोन बँकांच्या मध्ये स्विफ्टचा (बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोप यंत्रणेचा) मेसेज जातो, त्यावर तारीख असते, ती माझ्या ऑफिसात बसून बदलता येत नाही. ज्याचे खोटे निघतील त्याचं लायसन काढून घ्या, आम्हालाच आनंद होईल, असल्या लोकांमुळे आमचा माल अडकतो. तपासायला दोन आठवडे लागतात फार तर. गव्हाच्या वेळी जमलं, कांद्याला का जमत नाही ते तुम्हीच सांगा.